रूम आहे, पण तुमच्यासाठी नाही : वाचकांचे प्रश्न

सुट्ट्यांचा हंगाम संपला की लॉज आणि हॉटेलांबद्दलच्या तक्रारी येतात. यंदाच्या पत्रांत पाण्याची आणि बिलाची रड कमी होती. चेहरा, आडनाव किंवा कातडीचा रंग बघून काउंटरवरची भाषा बदलल्याच्या तक्रारी जास्त होत्या. निवडक प्रश्नांची उत्तरं एक वकील आणि हॉटेलच्या फ्रंट ऑफिसचं काम जाणणारे आमचे सल्लागार यांनी मिळून दिली आहेत.

प्रश्न : माझी सून मिझोरामची. मुलगा-सून महाबळेश्वरला गेले होते. काउंटरवर मुलाचं आधार चाललं, पण सुनेकडे पासपोर्ट मागितला. तिने आधार दाखवलं, तर ‘हल्ली हे डुप्लिकेट असतं’ असं ऐकवलं. शेवटी ‘आमच्याकडे फॉरेनरचं लायसन्स नाही’ म्हणत दोघांना परत पाठवलं. असा नियम आहे का?
— वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : नाही. भारतीय माणसाला भारतात खोली घ्यायला पासपोर्ट लागत नाही. फोटो असलेलं कोणतंही एक सरकारी ओळखपत्र पुरतं. आधार, मतदार ओळखपत्र किंवा ड्रायव्हिंग लायसन्स, यातलं काहीही चालतं. नवऱ्याचं आधार खरं आणि बायकोचं खोटं, हे काउंटरवरच्या माणसाने चेहरा बघून ठरवलं. शंका खरीच असती, तर आधारवरचा क्यूआर कोड आधार प्राधिकरणाच्या ॲपवर अर्ध्या मिनिटात तपासता आला असता. तसं न करता नुसतं ‘डुप्लिकेट’ म्हणणं ही सबब झाली.

‘फॉरेनरचं लायसन्स’ म्हणजे काय, तेही सांगतो. परदेशी पाहुणा उतरला की हॉटेलने २४ तासांत त्याची माहिती परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाच्या पोर्टलवर भरायची असते. काउंटरवर सगळे त्याला ‘सी-फॉर्म’ म्हणतात. त्यासाठी हॉटेलने पोर्टलवर एकदा नाव नोंदवायचं असतं. त्या फॉर्ममध्ये पासपोर्ट क्रमांक आणि व्हिसा क्रमांक विचारतात. तुमच्या सुनेचा फॉर्म भरायचा म्हटला, तरी त्यात लिहायला व्हिसा आणणार कुठून? मिझोराम, मणिपूर, अरुणाचल, सिक्कीम, लडाख इथल्या पाहुण्यांबाबत ही चूक वारंवार होते, आणि काउंटरवरच्या मुलाला ती चूक वाटतही नाही.

अशा वेळी आवाज चढवू नका. शांतपणे म्हणा, ‘नियम कागदावर दाखवा, नाहीतर खोली नाकारण्याचं कारण हॉटेलच्या मेलवरून लिहून पाठवा.’ ओघात मॅनेजरचं नावही विचारून घ्या. तोंडी नियम कागदावर उतरायची वेळ आली की बहुतेकदा खोली निघते. नाहीच निघाली, तर ‘लिहून देत नाही’ हे उत्तरही पुढे कामाला येतं, म्हणून कोण, किती वाजता, काय म्हणालं ते तिथल्या तिथे फोनमध्ये टिपून ठेवा.

आधार देणं सक्तीचं नाही. द्यायचंच असेल तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं ‘मास्क्ड’ आधार द्या, कारण काउंटरवरच्या झेरॉक्सचे गठ्ठे पुढे कुठे जातात, ते हॉटेलवाल्यालाही सांगता येणार नाही.

प्रश्न : माझा काश्मिरी मित्र आणि मी एका ॲपवरून पैसे भरून खोली बुक केली होती. पोचल्यावर त्याचं ओळखपत्र बघितलं आणि आधी ‘ओव्हरबुकिंग झालंय’, मग ‘पोलिसांनी काश्मिरींना द्यायला मनाई केलीय’ असं सांगितलं. पोलीस असं सांगू शकतात का? आणि आता करायचं काय?
— वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : तुमच्या हाती एक महत्त्वाची गोष्ट आहे, ती म्हणजे दोन वेगळी कारणं. हॉटेल खरंच भरलं असेल तर पोलिसांचं नाव घ्यायची गरज पडत नाही. अशा प्रकरणांत कारण बदलणं हाच बहुधा सगळ्यात बोलका पुरावा असतो.

आता पोलिसांचं. पाहुण्यांची नोंद ठेवा, ओळखपत्र घ्या, संशयास्पद काही दिसलं तर कळवा, असे आदेश पोलीस काढू शकतात. सण, निवडणुका, व्हीआयपी दौरे यांच्या आधी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली असे आदेश निघतात. पण ते लेखी असतात, त्यांवर तारीख आणि सही असते, आणि असा आदेश साधारणपणे दोन महिन्यांपलीकडे चालत नाही. म्हणून आदेशाचा क्रमांक मागा. मार्च २०२२ मध्ये दिल्लीत एका काश्मिरी पाहुण्याला नकार देताना हॉटेलने पोलिसांचंच नाव पुढे केलं होतं. तेव्हा असा कोणताही आदेश दिलेला नाही, असं दिल्ली पोलिसांनी जाहीरपणे सांगितलं. तुमच्या शहरातही माहिती अधिकारात एका ओळीचा अर्ज टाका : ‘अमुक तारखेला अमुक राज्यातील नागरिकांना खोली न देण्याचा आदेश अस्तित्वात होता का? असल्यास प्रत द्यावी.’ उत्तर ३० दिवसांत यायला हवं.

राज्यघटनेच्या कलम १५(२) मध्ये हॉटेल हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून कोणत्याही नागरिकाला दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांत प्रवेश नाकारता येत नाही, आणि हे बंधन खासगी मालकालाही आहे. १९१७ मध्ये बडोद्यात डॉ. आंबेडकरांना पारशी सरायीत नाव बदलून राहावं लागलं, आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना बाहेर काढलं. हे ठाऊक असलेल्या माणसाला घटनेतला तो शब्द कोरडा वाटत नाही. ‘राइट ऑफ ॲडमिशन रिझर्व्ह्ड’ ही पाटी या कलमापुढे टिकत नाही.

तरी एक कडू गोष्ट सांगायला हवी. घटनेत हक्क असला, तरी वंशावरून खोली नाकारणं हा स्वतंत्र गुन्हा ठरवणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. म्हणून रस्ता ग्राहक आयोगातून काढावा लागतो. तिथे तुमची बाजू भक्कम आहे, कारण तुम्ही पैसे भरले होते. पैसे न भरता थेट काउंटरवर जाऊन नकार मिळाला असता, तर तुम्ही ‘ग्राहक’ झालात की नाही, इथूनच वाद सुरू झाला असता. ज्यांना असा अनुभव वारंवार येतो त्यांनी आगाऊ बुकिंग करावं, तेही पैसे भरून, हे आमचं सांगणं त्यासाठीच.

कामाला त्याच दिवशी लागा. बुकिंगचं व्हाउचर आणि पैसे कापल्याचा मेसेज जपा. त्याच वेळी ॲपवर त्या हॉटेलच्या खोल्या मोकळ्या दिसत असतील तर वेळेसकट स्क्रीनशॉट घ्या. शक्य असेल तर दुसऱ्या मित्राला पाच मिनिटांत फोन करून खोली विचारायला सांगा. त्याला ‘या ना साहेब’ म्हटलं, तर ओव्हरबुकिंगचा फुगा तिथेच फुटतो. रात्रीच मेल करून रिसेप्शनचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याची मागणी करा. बऱ्याच लॉजवर पंधरा ते तीस दिवसांत जुन्यावर नवं चढतं, आणि लोक महिन्याने जागे होतात. फोनवर रेकॉर्डिंग असेल तर कापाकापी करू नका आणि मूळ फोन विकू नका. आयोगात किंवा कोर्टात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, आणि ते मूळ फाइलवरूनच होतं.

हॉटेल आणि ॲप दोघांनाही पंधरा दिवसांची नोटीस द्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. मग जिल्हा आयोगात जा. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, हॉटेलच्या गावी खेटे घालायला नकोत. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची आहे. ॲपला वगळू नका. हॉटेलवाला काउंटरवर हात वर करतो, पण ॲपला यादीतून नाव काढण्याची भीती घालता येते.

प्रश्न : आमच्या ग्रुपमधल्या नागालँडच्या मुलीला रिसेप्शनवर सगळ्यांदेखत ‘चिंकी’ म्हटलं आणि ‘असल्या पोरी ठेवत नाही’ असंही. पोलीस ठाण्यात एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) घेऊन पाठवलं. एवढंच होतं का?
— वाचक, नागपूर

उत्तर : ती मुलगी अनुसूचित जमातीची असेल तर एनसीवर भागत नाही. सार्वजनिक नजरेसमोर जाणूनबुजून केलेला असा अपमान अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात दखलपात्र गुन्हा आहे. ईशान्येच्या लोकांना या शब्दाने हिणवल्यास हा कायदा लावता येतो, असं केंद्रीय गृह मंत्रालयाने २०१२ मध्येच राज्यांना कळवलं आहे. रिसेप्शनवर इतर लोक हजर होते, हे तक्रारीत नावानिशी लिहा. ‘सार्वजनिक नजर’ सिद्ध झाली नाही म्हणून कितीतरी प्रकरणं पडतात.

ठाण्यात हमखास ऐकू येणारा आक्षेप म्हणजे, ‘तिची जमात महाराष्ट्राच्या यादीत नाही.’ तो आता चालत नाही. एखाद्या राज्यात अनुसूचित असलेल्या व्यक्तीला या कायद्याचं संरक्षण देशात कुठेही मिळतं, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२३ मध्ये स्पष्ट केलं. गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीही लागत नाही. तपास उपअधीक्षक किंवा शहरात सहायक आयुक्त दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. जमातीच्या दाखल्याची प्रत घरून व्हॉट्सॲपवर मागवा, पण दाखला येईपर्यंत तक्रार अडवू देऊ नका.

ईशान्येतला प्रत्येक जण जमातीचा नसतो. मैतेई, आसामी, नेपाळीभाषक यांतल्या अनेकांना हा कायदा लागू नाही. नेमकी ही फट बुजवण्यासाठी बेझबरुआ समितीने २०१४ मध्ये दंडविधानात नवी कलमं सुचवली होती, ती कायद्यात आली नाहीत. मग उरतात अपमान, धमकी, अडवणूक ही साधी कलमं.

ठाणे अंमलदार ऐकत नसेल तर हुज्जत घालू नका. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तीच तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांना, शहरात परिमंडळाच्या उपायुक्तांना पाठवा. तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकारी आहेत. टपालाची पावती जपा.

प्रश्न : ‘लोकल आयडी चालणार नाही’ हा कायदा कुठला?
— वाचक, डोंबिवली

उत्तर : कुठलाच नाही. पण घटनेचा आधारही इथे लंगडा आहे, कारण कलम १५ मध्ये ‘जन्मस्थान’ आहे, ‘राहण्याचं ठिकाण’ नाही. हॉटेलच्या ॲपवर अट आधीच लिहिली असेल तर पैसे परत मिळण्यापलीकडे फार काही निघत नाही. अट लपवली असेल तर ग्राहक तक्रार करा. आणि एकाच गावचे दोन पाहुणे, त्यात एकाला ही अट आणि दुसऱ्याला नाही असं असेल, तर मामला वरच्या पत्रांसारखाच आहे.

प्रश्न : रात्री एक वाजता दारावर थाप. बाहेर दोन पोलीस. फक्त आमच्या मणिपुरी मैत्रिणींची खोली उघडायला लावली, बॅगा उपसल्या, ‘ठाण्यात चला’ म्हणाले. आम्ही काय करायला हवं होतं?
— वाचक, ठाणे

उत्तर : रजिस्टर बघणं आणि खोलीची झडती घेणं ही दोन वेगळी कामं आहेत. बीटवरचा पोलीस काउंटरवर येऊन रजिस्टर चाळतो, सही करतो आणि जातो. ही नेहमीची गोष्ट आहे, तिला हरकत घेऊ नका. पण खोलीत भाडं भरून राहणारा माणूस घरातल्या माणसासारखाच आहे.

वॉरंट नसताना झडती घ्यायची, तर तपास अधिकाऱ्याने संहितेच्या कलम १८५ प्रमाणे आधी कारण लिहून ठेवायचं असतं, आणि त्या नोंदीची प्रत ४८ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्याकडे जायला हवी. झडतीला परिसरातले दोन पंच हवेत, आणि कलम १०५ प्रमाणे झडतीचं चित्रीकरण व्हायला हवं. महिलेच्या अंगाची झडती महिलेनेच घ्यायची. अनैतिक व्यापाराच्या कायद्याखाली धाड असेल तर किमान दोन महिला पोलीस सोबत लागतात, आणि ईशान्येच्या मुलींच्या दारावर थाप पडते ती बहुधा याच संशयाने. दोन पुरुष शिपाई रात्री एकला दारात उभे आहेत, तर यातलं काहीच पुरं झालेलं नाही.

करायचं असं. दार साखळी लावून उघडा. नाव, हुद्दा, ठाणं विचारा. छातीवरच्या पट्टीवरचं नाव मोठ्याने वाचा, म्हणजे खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल. ११२ वर फोन लावून ‘या नावाचे कर्मचारी अधिकृत कामावर आहेत का’ एवढंच विचारा. त्या कॉलची नोंद राहते आणि तोतया असेल तर तिथेच पळतो. मग विचारा : कोणत्या गुन्ह्याचा तपास आहे, कारणाची लेखी नोंद कुठे आहे, पंच कुठे आहेत. ‘आमची झडतीला संमती नाही’ हे वाक्य स्पष्ट म्हणा, पण आडवे पडू नका, ढकलाढकली तर मुळीच नको. ‘सरकारी कामात अडथळा’ हे कलम पोलिसांच्या खिशातच असतं.

‘ठाण्यात चला’ याचे दोनच अर्थ होतात. अटक असेल तर कारण सांगावं लागतं, नातेवाइकाला कळवावं लागतं, आणि सूर्यास्तानंतर सूर्योदयापर्यंत महिलेला अटक करायला अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते. अटक नसेल, नुसती साक्षीदार म्हणून चौकशी असेल, तर कलम १७९ ची लेखी नोटीस हवी, आणि महिलेला त्यासाठी राहत्या जागेबाहेर बोलावता येत नाही. अटकही नाही आणि लेखी नोटीसही नाही, असा तिसरा प्रकार कायद्यात नाही, तरी रात्री सर्वाधिक वापरतात तो तोच.

ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबईत मढ-अक्सा भागातल्या हॉटेलांतून जोडप्यांना उचलून त्यांच्यावर सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तनाचं कलम लावलं होतं. टीका झाल्यावर पोलीस आयुक्तांना चौकशी लावावी लागली. बंद खोली सार्वजनिक ठिकाण कशी, याचं उत्तर कोणी दिलं नाही. याउलट जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या खिडकी एक्स्टेंशनमध्ये खुद्द दिल्लीचे तत्कालीन कायदामंत्री आफ्रिकन महिलांच्या घरावर धाड टाका म्हणून मध्यरात्री पोलिसांशी वाद घालत होते, आणि वॉरंट नाही म्हणून पोलीसच आत गेले नाहीत. म्हणजे नियम पोलिसांना माहीत असतो.

दुसऱ्या दिवशी राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आणि राज्य मानवी हक्क आयोग, दोन्हीकडे अर्ज करा. आयोगाची मुदत एक वर्षाची आहे. अर्जात ‘त्याच मजल्यावरच्या इतर खोल्या तपासल्या नाहीत’ हे वाक्य खोल्यांच्या क्रमांकांसह घाला. हॉटेलच्या पॅसेजमधलं चित्रण इथेही आठवणीने मागा.

प्रश्न : मुलगा अमेरिकेत आहे. आम्ही दोघं व्हिजिटर व्हिसावर जाऊन गाडीने फिरणार आहोत. मोटेलवाले सावळ्या लोकांची नावं इमिग्रेशनला देतात असं ऐकलं. खरं का?
— वाचक, सांगली

उत्तर : घडलेलं आहे. मोटेल सिक्स या साखळीच्या काही मोटेलांनी २०१५ ते २०१७ दरम्यान पाहुण्यांच्या याद्या इमिग्रेशन खात्याला दिल्या. वॉशिंग्टन राज्याने खटला भरला आणि २०१९ मध्ये कंपनीला १ कोटी २० लाख डॉलर मोजावे लागले. लॉस एंजेलिसच्या पटेल नावाच्या मोटेलमालकांनीही मालकाच्या बाजूने लढा दिला होता. हरकत घ्यायची संधी न देता पोलिसांना हवं तेव्हा रजिस्टर बघू देणारा शहराचा नियम अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केला. खोलीची झडती तर क्लार्कच्या परवानगीने होऊच शकत नाही, असं त्याच न्यायालयाने १९६४ मध्येच ठरवलं आहे. फक्त चेक-आउटची वेळ उलटू देऊ नका, त्यानंतर खोलीवरचा हक्क सहसा संपतो.

पासपोर्ट आणि आय-९४ ची (अमेरिकेत प्रवेश केल्याच्या नोंदीची) छापील प्रत अंगावरच्या पिशवीत ठेवा, गाडीच्या डिकीत नको. दारात कोणी कागद दाखवला तर त्यावर न्यायाधीशाची सही आहे का ते बघा. इमिग्रेशन खात्याच्या अधिकाऱ्याने सही केलेला कागद म्हणजे कोर्टाचं वॉरंट नव्हे. खोटं बोलू नका, ‘संमती देत नाही’ म्हणा आणि मुलाला फोन लावा.

रंगावरून खोली नाकारली, तर १९६४ चा नागरी हक्क कायदा लागू होतो. पण त्यातून मनाई हुकूम मिळतो, नुकसानभरपाई नाही. भरपाईसाठी १८६६ च्या कायद्यातून आलेलं कलम १९८१ वापरतात. कॅलिफोर्नियात असाल तर तिथल्या उनरू कायद्यात प्रत्येक प्रसंगी किमान ४,००० डॉलर आहेत.

प्रश्न : मडगावजवळ आमचं बारा खोल्यांचं गेस्ट हाउस आहे. ‘नायजेरियन घेऊ नका, लफडं होईल’ असं ठाण्यातून फोनवर सांगतात. आम्ही काय करावं?
— वाचक, सासष्टी, गोवा

उत्तर : फोन ठेवल्यावर लगेच ठाण्याच्या मेलवर पाठवा : ‘आज अमुक वाजता आपण दिलेल्या सूचनेचा लेखी आदेश मिळावा. तोवर सर्व परदेशी पाहुण्यांची नोंद नियमाप्रमाणे २४ तासांत करत आहोत.’ अशा मेलनंतर तसे फोन सहसा थांबतात. आणि उद्या खरंच काही झालं, तर तुमची बाजूही कागदावर राहते.

एक बारकावा. घटनेचं कलम १५ ‘नागरिकां’साठी आहे, त्यामुळे नायजेरियन पाहुण्याला ते थेट लागू होत नाही. पण समानतेचं कलम १४ आणि जीविताचं कलम २१ ‘कोणत्याही व्यक्ती’साठी आहे आणि ते पोलिसांना बांधतं. म्हणून तोंडी आदेशाचं ओझं स्वतःच्या डोक्यावर घेऊ नका.

ब्रिटिश, रशियन, नायजेरियन, सगळ्यांना एकच रीत ठेवा. पासपोर्टचं फोटोचं पान, व्हिसाचं पान किंवा ई-व्हिसाची प्रत, आणि भारतात उतरल्याचा शिक्का, हे तीन फोटो घ्या. पासपोर्ट स्वतःकडे ठेवून घेऊ नका. डिपॉझिट घेत असाल तर सगळ्यांकडून सारखंच घ्या. गोऱ्याला शून्य आणि काळ्याला पाच हजार, हे तुमच्याच पावती-पुस्तकातून उघडं पडतं. फॉर्म भरताना चुका ठरलेल्या असतात : आडनाव आणि नाव उलट पडतं, तारखेत दिवस आणि महिना अदलाबदल होतात, भारतात उतरल्याची तारीख आणि तुमच्याकडे आल्याची तारीख एकच लिहिली जाते. यातली एक चूक झाली तरी नोंद जुळत नाही, आणि मग पोलीस पाहुण्याला शोधत दारात येतात. रात्रपाळीचा मुलगा ‘सकाळी भरू’ म्हणतो आणि सकाळी त्याची पाळी संपते, म्हणून फॉर्म भरल्याशिवाय किल्ली द्यायची नाही, असा दंडक ठेवा. भरलेल्या फॉर्मची प्रत छापून रजिस्टरच्या त्याच पानाला टाचा, म्हणजे बीटवाला आला की पान उघडून दाखवता येईल आणि खोलीपर्यंत जायचं कारण उरणार नाही.